बोकड निवांत पाहिजे

"बोकड निवांत पाहिजे," एवढंच डॉ. शिवरंजनी मॅडमनी सांगितलं होतं. आदल्या दिवशी त्याला पळवायचं नाही, दचकवायचं नाही, दुसऱ्या बोकडाशी टकरा घेऊ द्यायच्या नाहीत. मंगळवारी सकाळी त्या जीप घेऊन येणार, मानेच्या शिरेतून दोन चमचे रक्त घेणार आणि निघून जाणार. इतकं सोपं काम. पण येरमाळ्यापासून चार किलोमीटरवरच्या त्या वस्तीवर, बब्रुवान आबांच्या घरात, सोपं काम शेवटपर्यंत सोपं राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

बोकडाचं नाव नवाब. काळाभोर, उस्मानाबादी जातीचा, कान असे लोंबते की पाणी प्यायला वाकला की आधी कानच भिजायचे. त्याच्या आईला तिळं झालं तेव्हा हा शेवटचा, सगळ्यात किडका. शेळीनं त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग आबांच्या नातीनं, तुळजानं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दीड वर्षात त्या किडक्या करडाचा असा काही बोकड झाला की फाट्यावरची माणसं मोटारसायकल थांबवून बघायची.

लक्ष्मीबाई आज्जीच्या मते मात्र तो बोकड नव्हताच, ते चार पायांचं नुकसान होतं. त्यानं कोथिंबिरीचा वाफा खाल्ला. आज्जीच्या नव्या लुगड्याचा पदर खाल्ला. एका लग्नाची पत्रिका खाल्ली, त्यामुळं सगळं घर नटूनथटून मांडवात पोचलं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आणि गेल्या आठवड्यात त्यानं रेशन कार्ड खाल्लं. अख्खं खाल्लं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यानं नेमका तेवढाच तुकडा खाल्ला, ज्यावर कुटुंबप्रमुख म्हणून आबांचं नाव होतं.

"झालं! आता सरकारला वाटंल ह्या घराला धनीच न्हाय," आज्जी कडाडली. "येत्या ऐतवारी ह्याला बाजारात न्यायचा म्हंजे न्यायचा. कुणाला बी द्या, माझ्या दारात नको."

"अगं, मुका जीव हाय," आबा म्हणाले.

"मुका हाय म्हणून तर सगळं खातंय. बोलता येत असतं तर निम्मा वेळ तोंड दुसऱ्या कामात राहिलं असतं. तुमच्यावानी."

तुळजाचे आई-पप्पा हायवेवर चहा-नाष्ट्याचं हॉटेल चालवायचे. पहाटे जायचे, अंधार पडल्यावर यायचे, त्यामुळं घरातली मोठी भांडणं दिवसा याच तिघांत व्हायची आणि निकाल आज्जीच्या बाजूनं लागायचा. पण या वेळी तुळजाकडं एक हुकमाचं पान होतं.

झालं असं की शाळेत विज्ञान मेळावा होता. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज दुसऱ्या बाकापुढं जायचा नाही, ती तुळजा यंदा दहावीत येऊन माईक हातात धरून पंचवीस मिनिटं बोलली. विषय होता 'विकरे, म्हणजेच एन्झाइम्स : शरीराचे अदृश्य कामगार'. आणि सभा कशी, एकदम चिडीचूप! विज्ञानाचे सर तर डोळे मिटून, मान खाली घालून, मन लावून ऐकत होते. पाहुण्या म्हणून आलेल्या शिवरंजनी मॅडमनीसुद्धा हनुवटीखाली हात घेऊन डोळे मिटले होते. तुळजाला त्या दिवसापासून जमिनीवर चालल्यासारखं वाटतच नव्हतं.

मॅडम होत्या जनावरांच्या डॉक्टर, मूळच्या नळदुर्गकडच्या. जिल्ह्यातल्या निरोगी उस्मानाबादी बोकडांच्या रक्तात कुठलं विकर किती असतं, याचा अभ्यास करत त्या गावोगाव हिंडत होत्या. "आजारी जनावर ओळखायचं तर आधी निरोगी जनावराचं माप माहीत पाहिजे की," त्या मेळाव्यातच म्हणाल्या. ज्याचं रक्त मापात बसेल त्याच्या कानाला पिवळा बिल्ला, नोंदवहीत नंबर, आणि दोन वर्षं तो वस्तीचा पैदाशीचा बोकड. अट एकच, या दोन वर्षांत विकायचा नाही.

विकायचा नाही! तुळजानं स्टेजवरूनच हात वर केला होता.

आज्जीनं तेवढी सवलत दिली. "बिल्ला बसला तर राहू द्या. न्हाय बसला तर ऐतवार."

आबांना विकरं म्हणजे काय हे तुळजानं हॉटेलाच्या भाषेत समजावून सांगितलं. "आबा, आपल्या हॉटेलात भटारखान्यात कामगार असतात का नाही? तशी शरीराच्या आत, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये ही विकरं काम करत असतात. ती आतच असली की सगळं ठीक. ती जर मोठ्या संख्येनं बाहेर रस्त्यावर, म्हणजे रक्तात दिसली, तर समजायचं आत काहीतरी बिघडलंय. भिंत पडली असेल, आग लागली असेल."

"म्हंजे रस्त्यावर कामगार किती, ते मोजायचं?"

"ते किती झपाट्यानं काम करतात ते मोजायचं. त्यावरून किती आहेत ते कळतं."

"कळलं," आबा म्हणाले. आबा 'कळलं' म्हणाले की घरातली माणसं जरा सावध व्हायची.

सोमवारी चार वाजता तुळजा शाळेतून आली तेव्हा अंगणात नवाब आंघोळ करून उभा होता. शिंगं रंगवलेली, पाठीवर आबांच्या सत्काराची शाल, कपाळावर गुलाल. आणि त्याच्यासमोर हलगीवाले दोघंजण शेकोटीवर हलगी तापवत बसलेले.

"आबा, हे काय?"

"हलगी."

"ते दिसतंय मला! कशाला?"

"अगं, पैलवान फडात निघाला की वाजवत न्हेतेत का न्हाय? ह्यो तर सायन्साला रगत द्यायला चाललाय. त्याला असाच मुकाट पाठवू? लोक काय म्हणतील?"

"मॅडम म्हणाल्या निवांत पाहिजे!"

"उद्या निवांत. आज मिरवणूक. आज उरकून घेतली की उद्या मोकळा."

तुळजा पुढं काही बोलणार तोच हलगीवर पहिली टिपरी पडली, आणि नवाब गेला. दावं गेलं, दाव्याबरोबर खुंटी गेली, खुंटीबरोबर आज्जीच्या पापडांची खाट ओढली गेली. शाल तेवढी बाभळीला अडकून मागं राहिली. पुढं नवाब, मागं तुळजा, तिच्या मागं आबा, आबांच्या मागं वस्तीवरची सगळी पोरंसोरं, आणि सगळ्यांच्या मागं इमानानं हलगी वाजवत ते दोघं, कारण त्यांना थांबा असं कुणी सांगितलंच नव्हतं. जितकी हलगी जवळ येई तितका नवाब लांब पळे. ज्वारीच्या रानातनं, ओढ्यातनं, समाजमंदिराला तीन वेढे घालून शेवटी तो श्रीमंतच्या कांद्याच्या चाळीत घुसला. श्रीमंत म्हणजे शेजारी. त्याचा बोकड रॉकेट तिथंच बांधलेला. दोघांनी चार टकरा घेतल्या, चाळीची एक बाजू खाली आली, आणि मग कुठं कांद्याच्या ढिगात गुडघाभर रुतलेला नवाब हाती लागला.

"बब्रुवानदादा," श्रीमंत म्हणाला, "निवडणूक जिंकली का काय बोकडानं?"

आबा धापा टाकत कांद्यांवरच बसले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते दोन तास पळाले होते.

मंगळवारी सकाळी जीप आली. मॅडम उतरल्या, पाठोपाठ त्यांचे मदतनीस धोंडप्पा उतरले. उंचापुरा, मिशीवाला गडी. कसलंही जनावर असो, ते मिठी मारल्यासारखं धरायचे.

"काल सगळं शांत होतं ना?" मॅडमनी विचारलं.

आबा म्हणाले, "लई शांत."

धोंडप्पांनी नवाबचं तोंड वर केलं. "ह्याच्या कपाळाला हे गुलाबी काय हो, आबा?"

"ते... जन्मखूण हाय."

"बोट लावलं तर निघतीय की."

"नवी हाय."

तुळजानं तोंड उघडलं. खरं सांगावं असं फार वाटलं तिला. पण आबांनी तिच्याकडं असं काही बघितलं, आणि दारात उभ्या आज्जीनं असं काही बघितलं, की तिनं तोंड परत मिटलं. एक दिवस पळालं म्हणून असा काय फरक पडणार आहे?

बुधवारी दुपारी फोन आला. मॅडमचा आवाज काळजीचा होता. "तुळजा, स्नायूंचं एक विकर असतं, आम्ही त्याला सीके म्हणतो. ते दीडशे-दोनशे असायला पाहिजे, परंड्याच्या एका बोकडाचं तेवढंच आलं. नवाबचं चार हजार सहाशे आलंय."

"किती?" आबांनी बाजूनं विचारलं.

"चार हजार सहाशे."

"आरं वा! आणि त्या परंड्याच्या बोकडाचं किती आलं म्हणाल्या?"

"एकशे साठ."

"बघ!" आबांनी मांडीवर थाप मारली. "जा, श्रीमंतला सांगून ये."

"आबा! जास्त म्हणजे वाईट! चार हजार सहाशे कामगार रस्त्यावर आलेत!"

आबांचा चेहरा पडला. "मोर्चाच की मग."

मॅडम म्हणाल्या, एकतर याला मोठी इजा झालीय नाहीतर स्नायूंचा आजार असेल. उद्या गुरुवारी पुन्हा एकदा रक्त घेऊ. पुन्हा असंच आलं तर नाव यादीतून काढावं लागेल. तुळजानं फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन नवाबच्या गळ्यात पडली. नवाबनं तिच्या वेणीची रिबीन खाल्ली.

आता आबांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. रिपोर्ट खराब आला म्हणजे सुई पाहिजे. डोकं दुखलं, सुई. पोट दुखलं, सुई. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर त्यांना अपुरा शिकलेला वाटायचा. बुधवारी संध्याकाळी तुळजा शिकवणीला गेलेली बघून त्यांनी फाट्यावरच्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं आणि नवाबच्या मांडीत ताकदीचं चांगलं सुईभर इंजेक्शन देऊन घेतलं. नवाब दोन पावलं लंगडला. आबांना बरं वाटलं. औषध लागू पडल्याचीच ती खूण.

गुरुवारी मॅडम दुसरीकडं अडकल्या होत्या, म्हणून एकटे धोंडप्पा मोटारसायकलवर आले. रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी चिकटवली, आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. पलीकडच्या वस्तीवर गाय अडली होती. त्यांच्या डब्यातलं बर्फ तर कधीच वितळलेलं.

"आज्जी, एवढी नळी थंडीत ठेवा हो. संध्याकाळी मॅडम येऊन नेतील." एवढं बोलून ते गेले.

आज्जीनं फ्रिज उघडला आणि विचार केला. विचार अगदी बरोबर होता, म्हणून तर घोटाळा झाला. दिवसातनं चार वेळा लाईट जाते. खालच्या कप्प्यात दूध नासतं. जिथं दूध टिकत न्हाय तिथं रगत काय टिकंल? तिनं नळी वर, बर्फाच्या कप्प्यात, आबांच्या दोन कुल्फ्यांच्या मध्ये उभी करून ठेवली आणि दार घट्ट लावलं.

संध्याकाळी मॅडम आल्या. नळी हातात घेतली. ती नळी नव्हतीच, लाल बर्फाची कांडी होती.

"अय्यो!" मॅडम म्हणाल्या आणि खाटेवर बसल्या. "आज्जी, ही कुठं ठेवली होती?"

"वरच्या खणात. चांगली थिजवली. जराबी नासली न्हाय, बघा."

"आज्जी, रक्त गोठलं की आतल्या पेशी फुटतात हो. सगळं आतलं बाहेर येतं. मग मोजायचं कसं, आणि काय?"

तुळजानं कपाळावर हात मारला. "आज्जे, कामगार रस्त्यावर आले का ते बघायचं होतं. तू सगळं हॉटेलच पाडलंस!"

"मला काय ठावं? ह्यांच्या कुल्फ्या टिकतेत म्हणलं तिथं!" आज्जीला आता राग कुणावर तरी काढायचा होता. "आणि माझ्यावर काय वरडताव? त्या सुईचं इचारा की मालकांना!"

"कसली सुई?" मॅडमची मान वळली.

आबांनी आढ्याकडं बघितलं. "ते आपलं... ताकदीचं."

"कुठं दिलं?"

"मांडीत."

"आजोबा! मांडीत सुई टोचली की स्नायूला इजा होते. मग तेच विकर वाढतं. म्हणजे नळी चांगली राहिली असती तरी आकडा चढाच आला असता आणि मी नवाबचं नाव काढलं असतं. आज्जींनी रक्त गोठवलं म्हणून वाचलात!"

"बघा!" आज्जी म्हणाली. "तरी मलाच बोलतेत सगळी."

मग तुळजानं एका दमात सांगून टाकलं, हलगी, शाल, ज्वारीचं रान, ओढा, कांद्याची चाळ, रॉकेट, सगळं. जन्मखुणेसकट. "मॅडम, त्याला काही झालेलं नाही. तो फक्त आमच्या घरात आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या रागावल्यात की हसू दाबतायत हे चष्म्यामुळं कळेना. "शनिवारी सकाळी शेवटचं घेईन. त्या दिवशी माझी यादी बंद होते. तोवर हलगी नाही, सुई नाही, कुल्फी नाही. बोकड...?"

"निवांत पाहिजे," तिघं एकदम म्हणाले.

शुक्रवारी त्या घरात अशी शांतता होती की पोस्टमन दारातनं विचारून गेला, कुणी आजारी आहे का. आबा अनवाणी चालत होते, कारण त्यांच्या पायताणाचा आवाज व्हायचा. श्रीमंतला हात जोडून रॉकेटला लांबच्या रानात बांधायला लावलं. आज्जीनं कुकरला सुट्टी देऊन डाळ पातेल्यात शिजवली. आणि दुपारी तुळजा गोठ्यात डोकावली तर आज्जी नवाबच्या अंगावरच्या माशा पदरानं वारत बसलेली. खाल्लेल्या पदराच्या उरलेल्या भागानं.

"काय बघतीस?" आज्जी गुरकावली. "माशी बसली की दचकतंय ते. बिल्ल्यासाठी कराय लागले."

शनिवार उजाडला. मॅडम आल्या, धोंडप्पा आले. आणि धोंडप्पांची मिशी दिसताक्षणी नवाबच्या पाठीवरचे केस उभे राहिले. आठवड्यात दोनदा याच मिशीनं त्याला मिठी मारली होती. तो खुंटीभोवती गरागरा फिरू लागला, नाकपुड्या फुलवू लागला.

"असा ताणलेला नको," मॅडम म्हणाल्या. "शांत होऊ दे."

धोंडप्पा शेडमागं लपले. मिशी तेवढी कोपऱ्यातनं दिसत राहिली. आबांनी गूळ दाखवला, नवाबनं आबांचा अंगठा चावला. आबांनी मग भजन धरलं. पहिल्या तानेलाच नवाबनं खुंटी हलवली आणि लांब रानातनं रॉकेटनं ओरडून साथ दिली. अर्धा तास गेला. मॅडमनी घड्याळात बघितलं. तुळजाच्या डोळ्यापुढं दुसऱ्या दिवशीचा बाजार आला, त्यातली ती माणसं, दातांत बोट घालून बोकडाचं वय बघणारी.

तेवढ्यात आज्जी म्हणाली, "तुळे, तू भाषण कर."

"काय?"

"ते शाळेतलं. कामगारांचं."

"आता? इथं? कशाला?"

आज्जीनं जरा इकडंतिकडं बघितलं. "हे बघ, वाईट वाटून घिऊ नको. मेळाव्याच्या आधी तू रोज गोठ्यात पाठ करायचीस का न्हाय? म्या बघितलंय. तू 'सन्माननीय' म्हणलीस की ह्याचं कान पडायचं. 'बालमित्रांनो' आलं की खाली बसायचा. फुडचं त्यानं कधी ऐकलंच न्हाय."

तुळजा लाल झाली. मग तिला एकदम काहीतरी आठवलं. ती चिडीचूप सभा. मान खाली घातलेले विज्ञानाचे सर. हनुवटीखालचा तो हात. तिनं हळूच मॅडमकडं बघितलं. मॅडम घाईघाईनं बॅगेत काहीतरी शोधायला लागल्या.

"मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलं प्रवासाचा शीण आहे," मॅडम बॅगेतच म्हणाल्या.

अपमान होता, भयंकर अपमान होता. गेल्या महिनाभरात तुळजाची मान जितकी उंच झाली होती, तितकी ती त्या एका क्षणात खाली आली. पण समोर नवाब खुंटीला हिसके देत होता. तिनं ओढणी सारखी केली, घसा खाकरला आणि अगदी मेळाव्यातल्यासारखा उजवा हात पुढं केला.

"सन्माननीय व्यासपीठ..."

नवाबचे कान पडले.

"...वंदनीय गुरुजनवर्ग, आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो..."

नवाबनं पुढचे गुडघे टेकले, मग मागचे. रवंथ करणारा जबडा हळू झाला.

"आज मी आपल्यासमोर विकरे या विषयावर दोन शब्द बोलणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती..."

आता शांतचित्त असं पसरलं की विचारू नका. आबा भिंतीला टेकले आणि त्यांची टोपी नाकावर आली. धोंडप्पा चवड्यांवर सरकत आले, त्यांनी नवाबला हलकेच कवेत घेतलं आणि दुसऱ्या मिनिटाला बोकडाच्या खांद्यावर गाल टेकला. आज्जीची मान एकदा पुढं, एकदा मागं जायला लागली. मॅडम एका हातानं जांभई झाकत पुढं झाल्या. सुई शिरेत गेली तेव्हा नवाबनं फक्त एक उसासा टाकला. जांभईत जांभई मिसळून नळी भरली.

तुळजाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. अख्खी पंचवीस मिनिटं ती बोलली. एक ओळ गाळली नाही. जय हिंद, जय महाराष्ट्र म्हणून तिनं हात खाली घेतला तशी सगळी मंडळी दचकून जागी झाली.

"झालं का?" आबांनी टोपी सावरली. "फार सुंदर. फार माहिती मिळाली."

संध्याकाळी फोन यायचा होता. आला नाही. रेंज गेली होती. तुळजा मोबाईल घेऊन छतावर चढली, पाण्याच्या टाकीवर चढली, पण त्या एका काडीची दुसरी होईना.

रविवारी सकाळी आज्जीनं बाजाराची पिशवी काखेला मारली आणि नवाबचं दावं सोडलं.

"आज्जे, थांब की! फोन येईल!"

"बोली म्हंजे बोली. ऐतवार म्हणलं म्हंजे ऐतवार."

आबा नुसते मागं चालायला लागले. पुढं आज्जी, मधे नवाब, कडेला त्याच्या मानेवर हात ठेवून तुळजा. बाजूला तेच ज्वारीचं रान, ज्यातनं सोमवारी सगळे वाजतगाजत पळाले होते. फाटा दोनशे पावलांवर आला तेव्हा समोरनं धूळ उडवत जीप आली आणि खिडकीतनं मॅडमचा हात बाहेर आला.

"एकशे अठ्ठेचाळीस!" त्या लांबूनच ओरडल्या. "तुळजा, एकशे अठ्ठेचाळीस! रात्रभर तुमचा फोन लागेना, म्हणून बिल्लाच घेऊन आले!"

तुळजा तिथंच धुळीत बसली आणि नवाबच्या गळ्यात तोंड खुपसून मोठ्यांदा रडली. धोंडप्पांनी मिशीवर रुमाल बांधून मागनं येऊन बिल्ला टोचला. नोंदवहीत नाव चढलं, नवाब, मालक बब्रुवान. आबांनी ते दोनदा वाचून घेतलं. "बरं झालं. रेशन कार्डावरनं गेलेलं नाव बोकडाच्या वहीत तरी आलं."

तुळजानं डोळे पुसले आणि आज्जीकडं रागानं बघितलं. "तू खरंच विकणार होतीस ना?"

"गप बस."

"सांग की!"

आज्जीनं पिशवी पाठीमागं धरली. पण नवाब तिथंच उभा होता आणि पिशवीत काय आहे ते बघणं हे त्याचं कामच. त्यानं तोंड घालून एक वस्तू बाहेर ओढली. जुना, कातडी, इवलासा पट्टा, एका घुंगराचा. बाटलीनं दूध पीत होता तेव्हाचा.

"नमुन्याला घेतला होता," आज्जी म्हणाली, कुणाकडंच न बघता. "बाजारात नवा करून घ्यायचा होता. एवढ्या मोठ्या मानंचं माप नुसतं सांगून कसं कळंल? म्हणून त्यालाच घिऊन निघाले."

"म्हंजे बिल्ला बसो न बसो..." आबा बोलायला लागले.

"तुम्ही गप बसा. चाळीस वर्सं बिनबिल्ल्याचा माणूस सांभाळला मी, बोकड काय जड हाय?"

मॅडम जीपमध्ये बसल्या, पण गाडी सुरू करेनात. त्यांनी खिडकीतनं मान बाहेर काढली आणि आवाज उगाच कोरडा केला. "तुळजा, यादीला मी आठ दिवस वाढवून घेतलेत. श्रीमंतरावांनी रॉकेटचं नाव दिलंय. पण तो कुणाला हात लावू देत नाही. उद्या शाळा सुटल्यावर येशील का जरा?"

तुळजानं नाक ओढलं. गेल्या चोवीस तासांत खाली गेलेली मान हळूहळू पुन्हा वर आली.

"येईन की. तेच करायचं, का 'माझा आवडता ऋतू'? ते छोटं आहे."

धोंडप्पांना नुसत्या आठवणीनं जांभई आली. "रॉकेट हाय, बाई. मोठंच घ्या."

तुळजानं ओढणी सारखी केली आणि सवयीनं घसा खाकरला. रस्त्याच्या मधोमध, नवा बिल्ला कानात मिरवत, नवाब गुडघे टेकून खाली बसला.